पंधरा दिवसांचा मुक्काम

आपल्या मराठीत 'मुक्काम', 'मुसाफिर' आणि 'मुभा' हे तीन शब्द इतके मुरले आहेत की, पाकिटावर 'मु. पो.' ही दोन अक्षरे लिहिताना आपण इस्लामी धर्मशास्त्राच्या परिभाषेतला एक शब्द कागदावर उतरवीत आहो, अशी शंकाही कोणाच्या मनास शिवत नाही. त्या शास्त्रात जो एका ठिकाणी ठरलेला आहे तो 'मुकीम' आणि जो वाटेवर आहे तो 'मुसाफिर'. पहिला शब्द आणि आपला मुक्काम हे एकाच धातूचे. 'मुभा' म्हणजे मूळचे 'मुबाह', करावे वा न करावे असे मोकळे सोडलेले कृत्य. आणि रोजासारखे कर्तव्य काही काळ पुढे ढकलण्याची जी सवलत शास्त्र देते तिचे नाव 'रुखसत', ज्याला आपण निरोप किंवा रजा म्हणतो तेच. या शब्दांचा हा उलगडा मला झाला तो साठी ओलांडल्यावर, आणि तो करून दिला एकोणीस वर्षांच्या एका मुलाने, जबलपुरातील एका वसतिगृहाच्या कार्यालयात, माझ्या टेबलापुढे अर्ज घेऊन उभा असताना.

जबलपूर हे मराठी माणसास परके शहर नव्हे. १७९८ पासून १८१७ पर्यंत येथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. १८७० साली मुंबईकडून आलेला आणि कलकत्त्याकडून आलेला असे दोन लोहमार्ग येथेच एकमेकांस भेटले. आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत नागपूर, अमरावती आणि जबलपूर ही एकाच राज्यातली शहरे होती, त्यामुळे कचेऱ्या, शाळा आणि रेल्वे यांच्या निमित्ताने नर्मदेकाठी स्थिरावलेल्या कुटुंबांपैकी आमचेही एक. तो राबता अजून अगदीच तुटलेला नाही. येथील अभियांत्रिकी, वैद्यकीय आणि कृषी शिक्षणाच्या संस्थांत विदर्भातली, खानदेशातली, क्वचित थेट कोकणातलीही मुले येतात, वसतिगृहांत राहतात, सहा महिने हिंदीतून बोलतात आणि रात्री दूरध्वनीवर आईशी मराठीत भांडतात. अशाच एका वसतिगृहाची देखरेख काही वर्षे माझ्याकडे होती.

गोष्ट २०२३ सालची. त्या वर्षी २२ मार्चला गुढीपाडवा होता, त्याच दिवशी चैत्रातले नवरात्र बसले, आणि २४ मार्चला पहिला रोजा आला. पाडव्याच्या आदल्या दिवशी सात सह्यांचा एक अर्ज माझ्याकडे दाखल झाला: रमजानचा महिनाभर पहाटे चारच्या सुमारास भोजनालयातून जेवण मिळावे, ते शक्य नसल्यास खोलीत पाणी तापविण्याची किटली ठेवण्याची परवानगी व्हावी. किटलीस आमच्या नियमांत सक्त मनाई होती. आचाऱ्याचा दिवस सकाळी सहास सुरू होई आणि न्याहारीची वेळ आठची. अर्ज फेटाळण्यास एवढी कारणे पुरेशी होती. पण मी ज्या कारणाने तो फेटाळला ते मला आजही टोचते, कारण ते मी मोठ्या विद्वत्तेच्या आविर्भावात सांगितले. कुठेतरी वाचलेले आठवून मी म्हणालो, "अरे, प्रवासात असलेल्यास तुमच्याकडे सूट आहे ना? तुम्ही तर घरापासून पाचशे-हजार किलोमीटरवर आहात. एवढा अट्टहास कशाला?"

सातांपैकी एक मुलगा रत्नागिरी जिल्ह्यातला. त्याने अर्जाची घडी पुन्हा एकदा नीट केली आणि अत्यंत नम्रपणे म्हणाला, "सर, आम्ही मुसाफिर नाय. आम्ही मुकीम. सहा महिन्यांची खोली तुम्हीच दिलीय."

त्या पोराने एका वाक्यात जे सांगितले त्याचा विस्तार शास्त्रात पुष्कळ आहे. कुराणाच्या दुसऱ्या अध्यायात जिथे रोजांची आज्ञा आहे तिथेच, तिला लागून, आजारी आणि प्रवासी यांना ते दिवस मागाहून भरून काढण्याची मोकळीक दिली आहे, आणि ईश्वरास तुमची सोय अभिप्रेत आहे, अडचण नव्हे, असा आशयही त्याच ठिकाणी स्पष्ट आहे. इसवी सन ६३० च्या जानेवारीत, म्हणजे हिजरी आठच्या रमजानात, प्रेषित मुहंमद मक्केच्या स्वारीवर निघाले असता त्यांनी वाटेत सर्वांना दिसेल अशा रीतीने रोजा सोडला, ही हकीकत हदीसग्रंथांत आहे. परंतु ही सवलत ज्यास द्यायची तो 'प्रवासी' कोण, हे ठरविणे पुढे पंडितांवर आले, आणि पंडितांनी ते ज्या काटेकोरपणाने केले तो एखाद्या महसूल खात्यास साजावा.

भारतातले बहुसंख्य मुसलमान ज्या हनफी संप्रदायाचे आहेत त्यात मूळ माप तीन दिवसांच्या वाटचालीचे. उंटाची किंवा पायी चालणाऱ्याची ती चाल मैलांत बसवायची वेळ आली तेव्हा देवबंदच्या परंपरेने ४८ मैल धरले, म्हणजे सुमारे ७७ किलोमीटर. तर बरेलीच्या अहमद रझा खान यांच्या परंपरेने साडेसत्तावन्न मैलांच्या आसपास, म्हणजे सुमारे ९२ किलोमीटर धरले. या दुसऱ्या परंपरेचा जबलपुराशी संबंध निकटचा आहे, कारण ज्यांना मध्य प्रदेशचे मुफ्ती-ए-आझम म्हणत ते मौलाना बुरहानुल हक हे याच शहरातले आणि अहमद रझा खान यांच्याच शिष्यशाखेतले. आता नकाशा उघडून पाहावा. जबलपुराहून रेल्वेने नरसिंहपूर सुमारे ८५ किलोमीटर, आणि कटनी नव्वदीच्या थोडे पलीकडे. म्हणजे एका परंपरेच्या हिशेबाने नरसिंहपूरला निघालेला विद्यार्थी मुसाफिर ठरतो, दुसरीच्या हिशेबाने ठरत नाही, आणि कटनीला जाणाऱ्याने तर शहराची हद्द कोठे संपते याचीच चौकशी करावी. अशा गोष्टींस हसण्याचा मोह होतो. परंतु आयकराच्या मर्यादेवर एक रुपया कमी की जास्त याचा काथ्याकूट करणाऱ्या आपण मंडळींनी फार हसू नये.

अंतरापेक्षाही विद्यार्थ्याच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न मुदतीचा. हनफी मताप्रमाणे एका ठिकाणी पंधरा दिवस किंवा अधिक राहण्याचा ज्याचा संकल्प आहे तो तिथे पोहोचताच मुकीम होतो. त्याची प्रवाशाची सवलत त्याच क्षणी संपते. शाफई या दुसऱ्या संप्रदायाच्या मताप्रमाणे येण्याचा आणि जाण्याचा दिवस वगळून चार दिवसांच्या मुक्कामाचा संकल्प पुरेसा होतो. आणि येथे महाराष्ट्राचा भूगोल मध्ये येतो, कारण कोकणी मुसलमान परंपरेने शाफई आहेत आणि विदर्भ-मराठवाड्यातले बहुतेक हनफी; अरबी समुद्रातल्या व्यापाराने एक शास्त्र किनाऱ्यास आणले, उत्तरेकडच्या राज्यसत्तांनी दुसरे घाटावर आणले. कल्पना करा की आमच्या वसतिगृहातली दोन मुले दहा दिवसांच्या प्रशिक्षणासाठी भोपाळला गेली. अमरावतीचा मुलगा ते दहाही दिवस मुसाफिर राहील, आणि रत्नागिरीचा मुलगा भोपाळच्या स्थानकावर उतरून मुक्कामी पोहोचताच मुकीम होईल. दोघे एकाच खोलीत झोपतील. एकाला रोजा पुढे ढकलण्याची मुभा असेल, दुसऱ्याला नसेल. आणि दोघेही आपापल्या जागी बिनचूक असतील.

वसतिगृहात सत्रभर राहणाऱ्या विद्यार्थ्याचा निकाल मात्र दोन्हीकडे एकच. त्याचे गाव हे त्याचे 'वतन-ए-असली', आणि वसतिगृह 'वतन-ए-इकामत'. 'वतन' हा शब्द मराठी वाचकाला समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. देशमुखी-पाटिलकीच्या कागदांत तो आपण शतकानुशतके वाचीत आलो आहो. हे दुसरे, तात्पुरते वतन केव्हा तुटते यावरही वाद आहे: जुन्या ग्रंथांनुसार माणूस पुन्हा दूरच्या प्रवासाला निघाला की ते संपते, पण त्याची पेटी, बिछाना, पुस्तके मागे खोलीत असतील तर ते टिकते, असे मत हल्लीच्या काही मुफ्तींनी दिले आहे. म्हणजे सुट्टीला गेलेल्या मुलाची पलंगाखालची पत्र्याची ट्रंक ही त्याच्या वास्तव्याची साक्षीदार ठरते. या ट्रंकेच्या साक्षीइतका विद्यार्थिजीवनाचे मर्म जाणणारा युक्तिवाद मी अन्यत्र पाहिला नाही.

खरी सवलत येते ती गाडीत. जबलपूरहून रात्री सुटणारी गाडी इटारसीवरून फिरून पहाटे नागपुरास पोहोचते, आणि तेथून पुढे अमरावतीस जाता येते. ईदेच्या आधी घरी निघालेला आमचा वऱ्हाडी मुलगा या गाडीत असताना उजाडते, आणि ज्याच्यावर पहाट प्रवासात उगवली त्याला त्या दिवसाचा रोजा न धरण्याची पूर्ण मुभा आहे. त्याने नागपूरच्या फलाटावर चहा घेतला, तर एक दिवस त्याच्या नावे बाकी पडला, एवढेच. तो पुढे केव्हातरी 'कजा' म्हणून फेडावयाचा. परंतु त्याने चहा घेतला नाही, घोटभर पाणीही घेतले नाही, आणि तो दुपारच्या आधी अमरावतीस आपल्या घरी पोहोचला, तर हनफी शास्त्र म्हणते की तू आता वतनात आलास, मुकीम झालास, तेव्हा याच क्षणी संकल्प कर आणि दिवस रोजाचा धर. आणि चहा घेऊन आला असेल तर? तर बाकी एक दिवसाची राहतेच, शिवाय संध्याकाळपर्यंत घरच्यांच्या बरोबरीने न खाता-पिता राहावयाचे, महिन्याचा मान म्हणून. याउलट, जो दुपारच्या गाडीने निघणार आहे त्याने पहाटे आपल्या खोलीतच रोजा धरलेला असतो. आज प्रवास आहे एवढ्या सबबीवर तो त्यास मोडता येत नाही. कोकणातल्या मुलाचे शास्त्र येथे अधिक कडक, कारण त्याला रोजाचा संकल्प रात्रीच केलेला असावा लागतो. सकाळी घर आल्यावर सुचलेला संकल्प त्याच्या उपयोगी नाही.

गाडीतला दुसरा पेच घड्याळाचा. जबलपूर मुंबईच्या पूर्वेस सुमारे सात अंश, म्हणून मार्चअखेर येथे सूर्य मुंबईपेक्षा सुमारे २८ मिनिटे आधी मावळतो. घरून निघताना आईने ट्रंकेत घातलेले रत्नागिरीच्या मशिदीचे वेळापत्रक येथे संध्याकाळी विनाकारण उपाशी ठेवते, आणि पहाटे तर फसवते: त्यावर अजून खाण्याची वेळ शिल्लक असते तेव्हा जबलपुरात फटफटलेले असते. पश्चिमेकडे धावणाऱ्या गाडीत दिवस मिनिटामिनिटाने लांबतो. इटारसीपर्यंतच आठ-नऊ मिनिटे वाढतात. नियम सोपा आहे, माणूस जिथे आहे तिथला सूर्य. दुबईत बुर्ज खलिफाच्या ऐंशीव्या मजल्याच्या वर राहणाऱ्यांनी दोन मिनिटे, आणि दीडशेच्या वर राहणाऱ्यांनी तीन मिनिटे थांबून रोजा सोडावा, असा निर्णय २०११ साली तेथील मुफ्तींनी दिला, कारण तितक्या उंचीवरून सूर्य तितका वेळ अधिक दिसतो. आमच्या वसतिगृहास मजले तीन. त्यामुळे तो प्रश्न उद्भवला नाही.

परीक्षेविषयी मला पुष्कळदा विचारण्यात येते. परीक्षा ही स्वयमेव सवलतीची सबब नाही, असेच बहुसंख्य धर्मपंडितांचे मत आढळते; प्रकृतीस अपाय होण्याचे खरे भय असेल तर गोष्ट निराळी, पण ते भय आजाराचे, परीक्षेचे नव्हे. गंमत अशी की, जबलपुरात परीक्षा देणाऱ्यास जी मुभा नाही ती, परीक्षामंडळाने केंद्र भोपाळला दिले तर, आपोआप मिळते. विद्यार्थ्याच्या गैरसोयीचा एवढा उपयोग झालेला मी अन्यत्र ऐकला नाही.

आमच्याकडच्या व्रतविचारातही सवलतींचा असाच बारकावा आहे. एकादशी आठ वर्षांच्या आतल्यांस आणि ऐंशीच्या पुढल्यांस बंधनकारक नाही. आणि पाणी, मुळे, फळे, दूध, हवी, ब्राह्मणाची इच्छा, गुरूची आज्ञा आणि औषध या आठांनी व्रत मोडत नाही, असे धर्मशास्त्रात सांगितले आहे. व्यवहारात आपण मुळे आणि फळे यांचा अर्थ एवढा विस्तारला की साबुदाणा, शेंगदाणा, बटाटा, वरी, राजगिरा हे सगळे त्यात मावले, आणि 'एकादशी नि दुप्पट खाशी' ही म्हण जन्मास आली. माझ्या मते दोन्ही परंपरांत फरक असा की, आपण उपासाच्या पदार्थांत सवलत शोधली, त्यांनी ती दिवसात शोधली. आपला उपास करणारा त्याच दिवशी खिचडी खाऊन मोकळा होतो. मुसाफिर आज खातो आणि उद्याचे कर्ज वहीत मांडून ठेवतो.

या कर्जाच्या वहीमुळेच माझे ते विद्वत्तापूर्ण वाक्य केवळ चूक नव्हते तर उद्धटपणाचे होते. सवलत ज्याला मिळालेली आहे ती वापरायची की नाही हे त्यानेच ठरवायचे. तिचा हवाला देऊन इतर कोणी, मग तो अधीक्षक असो, प्राध्यापक असो की शेजारच्या खोलीतला अति धर्मनिष्ठ सोबती असो, त्याला इकडे किंवा तिकडे ढकलू नये. प्रेषितांच्या सहप्रवाशांपैकी ज्यांनी रोजा धरला त्यांनी न धरणाऱ्यांस दोष दिला नाही आणि न धरणाऱ्यांनी धरणाऱ्यांस दिला नाही, अशी आठवण त्यांच्या एका सोबत्याने सांगितली आहे. आणि ती वसतिगृहांच्या फलकावर लावावी अशी माझी अर्जवजा सूचना आहे. कारण मी फेटाळण्याच्या उत्साहात जी चूक केली तीच चूक उलट बाजूने खोल्यांतूनही होते: गाडीत चहा पिणाऱ्याकडे तिरके पाहिले जाते, आणि पोटाच्या विकारामुळे रोजा न धरणारा मुलगा दुपारी जिन्याखाली उभा राहून बिस्किटे खातो. हे मी पाहिले आहे.

पण मुख्य मुद्दा हा की, ज्या मुलास शास्त्र म्हणते 'तू मुकीम आहेस, तुला सवलत नाही', त्याला मुकीम करणारा दस्तऐवज संस्थेचा आहे. सत्राचे शुल्क वसूल करून, खोलीचा क्रमांक नेमून, पावतीवर शिक्का मारून संस्थेने त्याला रहिवासी ठरविले. मग रहिवाशाच्या पहाटेच्या जेवणाची तजवीज करताना तिने त्याला पाहुणा समजणे योग्य नव्हे. यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला, सरकारी किंवा सर्वधर्मीय संस्थेने एका धर्मासाठी व्यवस्था का करावी? ज्या भोजनालयात नवरात्रात लसूण-कांदा बंद होतो आणि बटाट्याची भाजी शेंदेलोणात वेगळी शिजते तिथे हा प्रश्न विचारताना थोडा संकोच वाटावा. दुसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो तपासण्यासारखा आहे. तपासल्यावर मला असे दिसले की ही मुले महिनाभर दुपारी जेवत नव्हती आणि भोजनालयाचे देणे मात्र पूर्ण भरीत होती. म्हणजे ती जादा काही मागत नव्हतीच. दुपारचे ताट पहाटे हलवा, एवढीच मागणी होती. वाढीव खर्च काय तो आचाऱ्याच्या झोपेचा, आणि त्याचा मोबदला त्याला रोख मिळाला पाहिजे, कारण दुसऱ्याच्या श्रद्धेसाठी तिसऱ्याने फुकट जागावे असे कोणतेही शास्त्र सांगत नाही.

अर्ज फेटाळल्याच्या दुसऱ्या दिवशी मी तो परत मागविला आणि त्यावर मंजुरीचा शेरा लिहिला. आचारी, ज्यांना जबलपुरी रीतीप्रमाणे सगळे 'महाराज' म्हणत, ते स्वतः नवरात्राच्या उपासाला होते. पहाटे चारला भटारखान्यात मी एकदा डोकावलो तेव्हा एका शेगडीवर मुलांच्या पोळ्या भाजल्या जात होत्या, दुसरीवर महाराजांचा स्वतःचा चहा उकळत होता, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे सगळ्यांत जास्त वेळा तेच पाहत होते. "चार पैंतालीस पर बंद," असे त्यांनी मला बजावले, जणू वेळापत्रक मी मोडणार होतो. पहाटेच्या ताटांसाठी एक वही घातली. तीत नावे लिहावयाची नाहीत, फक्त आदल्या रात्री ताटांचा आकडा मांडावयाचा, असे ठरविले. कोण धरतो आणि कोण धरत नाही याची नोंद संस्थेच्या दप्तरात राहू नये, एवढी खबरदारी मला आवश्यक वाटली.

२२ एप्रिलला ईद झाली आणि वही कपाटात गेली. डिसेंबरात, नर्मदेवरून येणारे वारे हाडांत शिरू लागले असताना, अमरावतीचा तो मुलगा कार्यालयात आला. मफलर, हात खिशात.

"सर, उद्या पहाटे एक ताट भेटते का?"

मी त्याला महिना कोणता याची आठवण करून दिली.

"माहीत आहे ना सर. नागपूरच्या फलाटावर चहा घेतला होता नं, एप्रिलात. एक दिवस बाकी आहे. आता दिवस लहान आहेत, म्हटलं फेडून टाकतो."

मी कपाटातून वही काढली. तीत छापलेले रकाने फक्त मार्च आणि एप्रिलचे होते. शेवटच्या पानाच्या खाली कोरी जागा उरली होती, तिथे पेन्सिलीने रेघ ओढून मी तारीख घातली आणि तिच्यापुढे एकचा आकडा मांडला.